ठणका

व्यायामाची थोरवी सांगणारें वाङ्मय मराठींत उदंड आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्कार घरोघर नेले. बडोद्याच्या मुजुमदारांनीं व्यायामज्ञानकोशाचे खंडामागून खंड काढले. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तरुणांना घडवीत आलें आहे. या वाङ्मयाचा मी जुना वाचक आहें. व्यायामानें छाती भरते, भूक लागते, झोंप गाढ येते, चित्त प्रसन्न राहतें, हें सर्व मीं त्यांत वाचलें आहे आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु मैदानावरून घाम पुसत घरीं आलेला मनुष्य कपाळाला हात लावून अंधाऱ्या खोलींत जाऊन कां पडतो, याचा खुलासा माझ्या वाचनांत फारसा आला नाहीं. भाटानें यजमानाचीं दुखणीं सांगूं नयेत, हा संकेतच आहे म्हणा! त्याचा परिणाम मात्र असा होतो कीं, ज्याचें डोकें दुखतें त्याला तें सांगण्याची लाज वाटूं लागते. वस्तादाला सांगावें तर तो म्हणणार, ‘अंगांत दम नाहीं’. घरीं सांगावें तर घरचीं माणसें म्हणणार, ‘मग जावं कशाला?’ हीं दोन उत्तरें ठाऊक असल्यामुळें मनुष्य कोणालाच कांहीं सांगत नाहीं. शेजारच्या दुकानांतून एक गोळी आणतो आणि गिळून मोकळा होतो.

आपली भाषा या बाबतींत आपल्यापेक्षां अधिक सावध आहे. गोंगाटानें डोकें ‘उठतें’, उन्हानें तें ‘चढतें’, जागरणानें ‘धरतें’ आणि पडशानें ‘जड होतें’. नाडीच्या ठोक्याबरोबर आंतून घाव पडूं लागले म्हणजे तें ‘ठणकतें’. एकाच अंगानें दुखून उजेड नकोसा झाला, पोटांत ढवळूं लागलें, म्हणजे ती ‘अर्धशिशी’. आणि ओझें उचलतांना किंवा खोकतांना मानेपासून टाळूपर्यंत वीज जावी तशी जी जाते ती ‘सणक’. आमच्या आजीच्या पिढींतील बायका ‘डोकं दुखतं’ एवढ्या सांगण्यावर संतुष्ट होत नसत. ‘दुखतं म्हणजे कसं ग?’ हा त्यांचा पुढला प्रश्न ठरलेला असे. गेल्या उन्हाळ्यांत नाशिकच्या एका मेंदुरोगतज्ज्ञांनीं माझ्या देखत नेमका हाच प्रश्न विचारला, तेव्हां मला त्या बायकांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

त्यांच्यापुढें बसली होती ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आम्ही लासलगांवचे. लासलगांव म्हटलें कीं लोकांना कांदा आठवतो आणि तें योग्यच आहे. १९४७ सालीं येथें बाजार समिति निघाली, आणि येथल्या लिलावांत भाव वरखालीं झाला कीं दिल्लीच्या राज्यकर्त्यांचेंहि डोकें दुखूं लागतें. पण कांद्याचे ट्रॅक्टर रांगेला लागण्यापूर्वीं, उजाडतां उजाडतां, येथल्या रस्त्यांवर दुसरीच एक रांग दिसते. सैन्यांत किंवा पोलिसांत भरती होऊं पाहणारे मुलगे आणि अलीकडे मुलीहि धांवत असतात. येथून जवळच चांदवड तालुक्यांत तळेगांव रोही म्हणून गांव आहे. बापाबरोबर विहिरी खणणारा तेथला दत्तू भोकनळ सैन्यांत गेला आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें नौका वल्हवून आला. त्याचें नांव या मुलांच्या तोंडीं असतें. माझी पुतणी यांच्यांतलीच. पोलीस शिपायाच्या शारीरिक चाचणीला पन्नास गुण असतात. मुलींना ८०० मीटर धांवण्याचे वीस, १०० मीटरचे पंधरा आणि गोळाफेकीचे पंधरा. आमच्या घराण्यांत मास्तर झाले, तलाठी झाले, दोघे-तिघे पोस्टांत गेले. अंगावर खाकी चढविण्याची इच्छा धरणारी हीच पहिली.

मार्गशीर्षांत तिनें धांवण्यास आरंभ केला. आमच्या निफाड तालुक्याची थंडी महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. कांहीं पहाटे पारा पांच अंशांच्याहि खालीं उतरतो. त्या थंडींत तिची कांहीं तक्रार नव्हती. फाल्गुन सरला, उन्हाळ कांदा शेतांतून निघूं लागला, आणि मैदानावरून आल्यावर तिचें डोकें ठणकूं लागलें. दोन्ही कानशिलें आणि मागची कवटी. दोन-तीन तास हें चाले. मग ती झोंपे आणि उठल्यावर कांहीं झालेंच नाहीं अशी वागे. रोज दुखत नसे, पण आठवड्यांतून दोनदां-तीनदां हटकून दुखे.

घरांत अर्थातच प्रत्येकानें निदान केलें. वहिनी म्हणाल्या ऊन बाधलें. काकूंनीं दृष्ट काढली आणि सुंठ उगाळून कपाळाला लेप लावला. सुंठेच्या लेपाविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाहीं. लेप वाळेपर्यंत मनुष्याला डोळे मिटून निजावें लागतें, हा त्याचा गुण कमी नाहीं. भावाचें निदान सर्वांत सोपें होतें : मुलींच्या अंगाला हें झेपायचें नाहीं, धांवणें बंद. त्यावर घरांत एकमत होण्यास पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत. मुलाच्या बाबतींत हाच ठराव इतक्या त्वरेनें मंजूर झाला असता काय, ही शंका मीं तेथल्या तेथें बोलून दाखविली. तिचें उत्तर कोणी दिलें नाहीं. मुलगी एवढेंच म्हणाली, “तात्या, दुखतं ते मी सोसते. कशानं दुखतं तेवढं मला कळलं पाहिजे.” मला तिचें म्हणणें रास्त वाटलें, आणि दुसऱ्या आठवड्यांत आम्ही तिघे नाशिकची गाडी धरून निघालों.

‘कसं दुखतं’ याच्या मागोमाग डॉक्टरांनीं जो प्रश्न विचारला तो प्रत्येक घरानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पहिल्यांदां दुखलें तें एकाएकीं कीं चढत चढत? श्रम करीत असतां मस्तकावर कोणी घण घालावा तशी वेदना मिनिटाभराच्या आंत शिखराला पोहोंचली, तर तो प्रसंग लेपाचा नव्हे, गोळीचा नव्हे आणि ‘उद्यां बघूं’ म्हणण्याचाहि नव्हे. मेंदूच्या आवरणाखालीं रक्तस्राव झालेला असतो, मानेंतल्या रोहिणीचा आंतला थर फाटलेला असतो, किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. त्याच घटकेला रोग्याला मोठ्या रुग्णालयांत नेलें पाहिजे. मान ताठरणें, उलट्या, एकाचे दोन दिसणें, शुद्ध हरपणें, हातपाय लुळा पडणें, जीभ अडखळणें, यांपैकीं कांहीं डोकेदुखीच्या जोडीला आलें तरी हाच नियम. दोन दिवस उलटून दुखणें हटलें नाहीं, किंवा आयुष्यांत कधीं न दुखलेलें डोकें चाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावर श्रमानें दुखूं लागलें, तरीहि तपासणीवांचून गत्यंतर नाहीं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या रूक नांवाच्या डॉक्टरांनीं १९६८ सालीं अशा १०३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. श्रमानें डोकें दुखतें आणि वरकरणीं दोष कांहीं नाहीं, असे हे सगळे. तीन वर्षें व त्याहूनहि अधिक काळ त्यांच्यावर नजर ठेवली तेव्हां दहा जणांच्या मस्तकांत कांहींना कांहीं विकृति निघाली. उरलेल्यांपैकीं बहुतेकांचें दुखणें दहा वर्षांच्या आंत आपोआप हटलें किंवा पुष्कळ कमी झालें. बहुसंख्यांना धोका नाहीं ही गोष्ट मनाला धीर देणारी खरी. पण आपण त्या दहांतले नाहीं हें तपासल्यावांचून समजत नाहीं. आमच्या मुलीच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा काढली. खर्चाचा आंकडा ऐकून भाऊ गप्प झाला, आणि प्रतिमा निर्दोष आहे हें ऐकून मोठ्यानें बोलूं लागला.

मग या दुखण्याला म्हणावें काय? डोकेदुखीचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१८ सालीं आपल्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ति प्रसिद्ध केली. तींत याला स्वतंत्र स्थान आहे. जोराच्या व्यायामानेंच आणि व्यायामाच्या वेळीं किंवा नंतरच उद्भवणारी, निदान दोनदां येऊन गेलेली, अठ्ठेचाळीस तासांच्या आंत थांबणारी आणि दुसऱ्या कोणत्याहि रोगानें ज्याचा खुलासा होत नाहीं अशी ही डोकेदुखी. उष्ण हवेंत आणि उंच प्रदेशीं ती विशेष उठते. उंचीचा प्रश्न आम्हांला नाहीं. विरळ हवेनें डोकें दुखण्यास साधारणपणें अडीच हजार मीटरांवर चढावें लागतें, आणि महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर कळसूबाई हें अवघें १६४६ मीटर आहे. उष्णतेची मात्र आमच्याकडे वाण नाहीं.

ठणका उठतो कसा, याविषयीं विद्वानांचे तर्क मनोरंजक आहेत. मेंदूच्या स्वतःच्या गाभ्याला वेदना कळत नाहीं. कळते ती त्याच्या आवरणांना आणि तेथल्या रक्तवाहिन्यांना. श्रम केले कीं रक्ताचा वेग व दाब वाढतो. उन्हांत रक्तवाहिन्या फुगतात. टिनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १९३२ सालीं असें सुचविलें कीं, श्रमाच्या वेळीं मस्तकांतील नीला ताणल्या जातात आणि हा ताणच दुखतो. श्वास कोंडून जोर लावला म्हणजे छातींतला दाब वाढतो आणि डोक्याकडून परत येणारें रक्त मानेशीं तुंबतें. मानेंतल्या मोठ्या नीलेला एक झडप असते. ती नीट न मिटण्याचा दोष अशा रोग्यांत इतरांपेक्षां अधिक आढळला, असें पुढें ध्वनिलहरींच्या तपासणींत दिसून आलें. शास्त्राचा शेवटचा शब्द अद्याप उच्चारला गेलेला नाहीं. परंतु रक्त वर जातांना नव्हे तर उतरतांना अडतें, ही कल्पना मला पटण्याजोगी वाटते. पोळ्याच्या गर्दींत वेशीवर हेंच होतें.

डॉक्टरांनीं औषध लिहून दिलें नाहीं; वही घालावयास सांगितली. धांवण्याची वेळ, हवा, आदल्या रात्रीची झोंप, पोटांत काय होतें, पाणी किती, मासिक पाळीचे दिवस, डोकें दुखलें कीं नाहीं आणि कसें. शिवाय रक्त तपासण्यास सांगितलें. रक्ताचा कागद आधीं आला. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. बाईमाणसाला तें निदान बारा असावें. घरांत यावर कोणाला विश्वासच बसेना, कारण मुलगी दिसायला टणक. पण २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं सुमारे ५७ टक्के पांडुरोगी निघाल्या. तेव्हां ज्या घरांत दोन स्त्रिया आहेत त्या घरानें आश्चर्य कां करावें? रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य कमी पडलें म्हणजे शरीर तेंच रक्त अधिक जोरानें फिरवून तूट भरून काढतें. मस्तकाकडे लोंढा वाढतो. आणि त्यांत ८०० मीटर जीव तोडून धांवलें तर तें ठणकणार नाहीं तर काय करील? भाऊ म्हणाला होता कीं मुलीच्या अंगाला झेपत नाहीं. झेपत नव्हतें हें खरें. पण तें मुलीचें अंग म्हणून नव्हे, त्या अंगाला लोह मिळत नव्हतें म्हणून. सर्वांचीं पानें उठल्यावर बसावयाचें, आणि जेवण होतांच चहाचा कप तोंडाला लावावयाचा! चहांतील कषाय द्रव्य अन्नांतलें लोह शरीराला घेऊं देत नाहीं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहा जेवणापासून तास-दीड तास दूर गेला, भाजीवर लिंबू पिळणें आलें, आणि बाळंतिणीसाठीं म्हणून ठेवणींत असलेलें अळीव धांवणाऱ्या मुलीच्या लाडवांत पडलें. हें दोन-चार दिवसांचें काम नव्हे. रक्त भरून यावयास महिने लागतात.

वहीनें आणखी कांहीं गोष्टी उघड केल्या. सहा आठवड्यांचीं पानें मी संध्याकाळीं चष्मा लावून वाचीत असें. मास्तराची खोड जात नाहीं. सूर्योदयापूर्वीं धांवलेल्या दिवशीं डोकें क्वचितच दुखलें होतें. सात-साडेसात वाजून गेले कीं दुखे. संकष्टीला आणि एकादशीला दुखे. उशीर झाला म्हणून चालणें, सावकाश पळणें गाळून मुलगी एकदम भरधाव निघाली कीं दुखे. आणि एक गंमत अशी कीं, गोळाफेकीच्या दिवशीं ठणका नसे, क्षणभराची सणक असे, मानेंतून वर गेलेली. म्हणजे दुखणें एक नव्हे, दोन होतीं. आणि भाषेनें तीं आधींच वेगळीं करून ठेवलीं होतीं.

या सणकेचा उलगडा मला बाजारांत झाला. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आलेला आहे. या कामगारांसाठीं महाराष्ट्रानें १९६९ सालीं स्वतंत्र कायदा केला तेव्हां तो सरकारी दप्तरांतहि बसला. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणारा हमाल मीं लक्षपूर्वक पाहिला. ओझें अंगावर येण्याच्या क्षणीं त्याच्या तोंडून ‘हंऽ’ असा आवाज निघतो. मी त्याला श्रमाचा हुंकार समजून सोडून दिला असता, पण एका जुन्या हमालाला विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “दम कोंडून उचललं की डोक्यात घण बसतो, मास्तर. दम सोडत उचलायचं.” फ्रेंच वैद्याच्या नीला त्यानें पाहिलेल्या नव्हत्या, पण त्यांची व्यवस्था त्याला ठाऊक होती. पुतणी गोळा फेंकतांना दांतओठ खाऊन श्वास आंत धरीत असे. गोळा सुटतांना श्वासहि सोडावयाचा, एवढा फरक तिनें केला आणि ती सणक बहुतांशीं गेली. हमालांचीं डोकीं दुखतच नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. माथ्यावरच्या वजनानें मानेचे मणके झिजतात, तेथून निघालेली वेदना डोक्यांत शिरते, आणि तिला कोणी ‘व्यायामाची डोकेदुखी’ असें सुंदर नांव देत नाहीं.

प्राचीनांनीं यांतलें पुष्कळ जाणलें होतें. चरकानें अर्धावभेदकाचीं म्हणजे आपल्या अर्धशिशीचीं जीं कारणें दिलीं आहेत त्यांत अतिभोजन, पूर्वेचा वारा, वेग दाबून धरणें यांबरोबर आयास आणि व्यायामहि आहेत. वाग्भटानें व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सांगितलें आहे, आणि तोहि थंडींत व वसंतांत. इतर ऋतूंत त्याहून मंद. कपाळ, नाक, काख येथें घाम सुटला आणि तोंडाला कोरड पडली कीं अर्धी शक्ति खर्च झाली, अशी खूण परंपरेनें चालत आली आहे. आमच्या भरतीच्या मुलांना हें सांगितलें तर तीं हंसतील, कारण अर्ध्या शक्तीनें धांवणाऱ्याला वीसांपैकीं वीस गुण कोणी देत नाहीं. परंतु चाचणी एक दिवस असते आणि तयारी वर्षभर. वर्षभर रोजच चाचणी देण्याचा जो हट्ट आहे तो वाग्भटालाहि मान्य नव्हता आणि आजच्या धांवण्याच्या शिक्षकांनाहि नाहीं.

आतां पाण्याविषयीं. तहान लागल्यावर प्यावें हा नियम सावलींत बसणाऱ्यांसाठीं ठीक आहे. वैशाखांत धांवणाऱ्यानें आधींच दोन पेले पिऊन निघावें, आणि परतल्यावर नुसतें पाणी ढोसण्यापेक्षां मीठ घातलेलें ताक किंवा पन्हें घ्यावें. घामाबरोबर मीठ जातें. तें न भरतां घागरभर पाणी प्यालें तर रक्तांतलें मीठ आणखी पातळ होतें आणि त्यानेंहि डोकेंच दुखतें. तालमींतले मल्ल कुस्तीनंतर बदाम-खसखशीची थंडाई पीत. त्यांना चैनी म्हणून नांवें ठेवणारे पुष्कळ होते, पण श्रमानंतर द्रव आणि अन्न दोन्ही एकदम पोटांत जाण्याची ती मोठी शहाणी युक्ति होती. खिशांत कांदा ठेवला कीं ऊन लागत नाहीं, हा समज आमच्या गांवीं तरी टिकून राहणें साहजिक आहे. खिशांतल्या कांद्यानें शरीराची उष्णता उतरत नाहीं. डोकेदुखीबरोबर भोंवळ, मळमळ आणि गळून जाणें असेल तर सावली, वारा आणि मीठ-साखरेचें पाणी. आणि मनुष्य असंबद्ध बोलूं लागला, अंग भाजूं लागलें, तर तो उष्माघात, त्याच्या अंगावर पाणी ओतीत रुग्णालय गांठावें. कांदा भाकरीबरोबर खावा.

चहाची आणखी एक गोष्ट राहिली. ज्याला रोज पहाटे चहा लागतो त्यानें धांवावयाचें म्हणून तो एकाएकीं सोडला, तर बारा ते चोवीस तासांत डोकें दुखूं लागतें आणि आळ व्यायामावर येतो. सोडावयाचा तर हळूहळू सोडावा, न सोडावयाचा तर वेळेवर घ्यावा.

गोळ्यांसंबंधीं मात्र मला कडक बोलावेंसें वाटतें. कपाळाला चोळावयाचें अमृतांजन १८९३ सालीं मुंबईस निघालें. त्यानें चोळणाराचे डोळे चुरचुरतात, पण आंत कांहीं बिघडत नाहीं. आज दुकानदार न विचारतां जी गोळी पुढें करतो तिची गोष्ट निराळी. साधीं वेदनाशामकें महिन्यांतून पंधरा दिवस आणि मिश्र औषधें दहा दिवस, अशीं तीन महिन्यांहून अधिक घेत राहिलें, तर तीं गोळ्याच नवी डोकेदुखी उत्पन्न करतात. मग ती थांबविण्यासाठीं आणखी गोळी. व्यायामाच्या या खास दुखण्यावर इंडोमेथॅसिन नांवाचें औषध बहुतेकांना लागू पडतें. व्यायामापूर्वीं अर्धा-एक तास तें देतात. पण त्यानें जठराला जखमा होऊं शकतात, मूत्रपिंडांना इजा पोहोंचूं शकते. तें डॉक्टरांच्या हातून, ठराविक दिवसांपुरतें आणि अन्नाबरोबर घेण्याचें आहे, मित्राच्या डबींतून उचलण्याचें नव्हे. आमच्या मुलीला तें अद्याप लागलेलें नाहीं. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनीं भिऊन हालचाल सोडावी असेंहि नाहीं. स्वीडनमध्यें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आठवड्यांतून तीनदां चाळीस मिनिटें बेताची सायकल चालविणाऱ्यांची अर्धशिशी, तिच्यावरचें एक मान्य औषध घेणाऱ्यांइतकीच कमी झाली होती.

धांवणें थांबलें नाहीं. वेळ पांचची झाली. पहिलीं पंधरा मिनिटें चालणें आणि संथ पळणें. निघण्यापूर्वीं दोन खजूर. उपवासाच्या दिवशीं नुसतें फिरणें. उपवास सोडावा असें मी सुचविलें नव्हतें, तडजोड तिची तिनेंच केली. हिमोग्लोबिन दिवाळीच्या सुमारास अकराला टेकलें. वहींत आतां महिन्यांतून एखादाच दिवस दुखण्याचा निघतो, तोहि बहुधा जागरणानंतरचा. यांतलें कशानें किती गुण आला, रक्तानें किती, वेळेनें किती, हें डॉक्टरांनाहि वेगळें करून सांगतां येईना; आणि तिला त्याची फिकीर नाहीं.

फिकीर आतां दुसऱ्याची आहे. गेल्या महिन्यांत भाऊ सहज बोलून गेला कीं, स्टेशनचा पूल चढतांना त्याचें डोकें भरून येतें आणि वर जाऊन कठड्याला टेकून उभें राहिलें कीं उतरतें. छातींत कांहीं होत नाहीं, म्हणून त्यानें लक्ष दिलें नव्हतें. वय छपन्न, तंबाखूची संवय जुनी. मुलीनें त्याच रात्रीं मला बाजूला घेतलें. हृदयाला रक्त कमी पडलें म्हणजे कळ छातींतच उठते असें नाहीं. कित्येकांना ती जबड्यांत, हातांत, आणि क्वचित् कोणाला नुसती डोक्यांतच उठते. श्रम केले कीं येते, थांबलें कीं जाते, हीच तिची खूण. अशा मनुष्याला अर्धशिशी समजून रक्तवाहिन्या आकुंचित करणारें औषध कोणी दिलें तर प्राणावर बेतावयाचें. दुसऱ्या दिवशीं त्याला घेऊन गेलों. रक्तदाब पुष्कळ चढलेला निघाला. हृदयाचा आलेख निजलेल्या स्थितींत ठीक आहे. चालवून पाहण्याची तपासणी मंगळवारीं व्हावयाची आहे. तोंवर पूल चढावयाचा नाहीं आणि तंबाखूची डबी मुलीच्या स्वाधीन, असा ठराव झाला आहे, आणि या खेपेस एकमत व्हावयास पांच मिनिटें लागलीं नाहींत तरी कोणी हरकत घेतली नाहीं. तिनें आपल्या वहीच्या मागल्या बाजूनें एक नवें पान उघडून त्यावर वडिलांचें नांव घातलें आहे, आणि रोज संध्याकाळीं ती त्याला विचारते, “अण्णा, आज दुखलं का? दुखलं म्हणजे कसं?”